भाऊजी येण्याआधी एवढं करून ठेव

नागपूर,
४ मे २०२६

प्रिय सुध्या,

परवा फोनवर तू अर्धवटच बोललास. काकू शेजारीच बसल्या असाव्यात, हे तुझ्या आवाजावरून कळत होतं, म्हणून मीही खोदून विचारलं नाही. पण "ताई-भाऊजी धोंड्याला येऊन राहिले, बहुतेक महिनाभर" हे तू ज्या सुरात सांगितलंस, त्यानंतर सगळं नीट लिहूनच पाठवावं असं वाटलं. हे पत्र वहिनींनाही वाचायला दे. गेल्या वेळचा सगळा भार त्यांच्यावरच पडला होता.

यंदाचा अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून आहे. म्हणजे नवतपा, सगळ्यात कडक उन्हाचे ते नऊ दिवस, २५ मे ते २ जून, त्याच्या ऐन मध्यात येतो. २०२३ला अधिक श्रावण होता, बाहेर पाऊस होता, तेव्हा बावीस दिवस कसेबसे निघाले. या वेळी दोन बेडरूमच्या घरात सात माणसं, पारा पंचेचाळीसच्या आसपास, आणि विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीपर्यंत बंद म्हणून पोरगंही दिवसभर घरात. त्यामुळे हे निभेल तसं निभू दे असं म्हणून सोडून देऊ नकोस.

सगळ्यात आधी परतीचं तिकीट. ते १९ला येतायत ना? मग ३० मे, शनिवारचं कल्याणचं तिकीट आजच काढ, विदर्भ किंवा सेवाग्राम, ज्यात मिळेल त्यात. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, म्हणजे ३० मेचं ३१ मार्चलाच उघडलं. सुट्ट्यांच्या दिवसांत आता वेटिंगच दिसेल, तरी काढून ठेव. ते पक्कं झालं नाही तर आदल्या दिवशी तत्काळ आहे, एसीचं दहाला आणि स्लीपरचं अकराला. त्याला आधार जोडलेलं खातं लागतं, तुझं जोडलेलं आहे का ते आत्ताच पाहून घे. गेल्या वेळी मुक्काम लांबला त्याचं निम्मं कारण हेच होतं की परतीचं तिकीटच नव्हतं. "मिळालं की जाऊ" म्हणता म्हणता दोन आठवडे गेले. तिकीट काढण्याआधी ताईला फोन करून तारीख विचारून घे, म्हणजे परस्पर काढल्यासारखं होणार नाही. "सीझन आहे, नंतर मिळत नाही, म्हणून जाण्या-येण्याचं एकदमच काढून राहिलो, तीस चालेल ना?" एवढंच विचार.

लेक-जावयाला द्यायच्या वाणाचा दिवसही लवकरचा धर. २४ मे, रविवार बरा आहे, सगळे घरी असतील आणि नवतपा दुसऱ्या दिवशी लागतो. वाण शेवटच्या आठवड्यावर ढकललं की तोपर्यंत पाहुण्यांना जाताच येत नाही, आणि काकू रोजच "अजून वाण व्हायचंय" म्हणून थांबवत राहतात. त्या दिवशी मात्र काही कमी करू नकोस. पुरणाचे धोंडे, तेहतीस अनारसे, तांब्याचं ताट, दिवा, दक्षिणा, ताईला साडी, भाऊजींना कपडे, सगळं रीतीने होऊ दे. मान मनापासून दिलेला असला की पुढचं बोलताना तुझा आवाज चढत नाही, आणि त्यांनाही कुठे कमी केलं असं म्हणता येत नाही.

अनारसे घरीच करायचे असतील तर १२ तारखेलाच तांदूळ भिजव. तेहतीसाला अर्धा किलो जुना जाडा तांदूळ पुरतो. तीन दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचं, मग कापडावर सावलीत पसरायचा. आपल्याकडे मे महिन्याच्या कोरड्या हवेत तो भराभर सुकतो, म्हणून पंखा लावू नका. हाताला दमट लागत असतानाच दळायला हवा, नाहीतर पीठ गूळ धरत नाही आणि अनारसा कडक होतो. गूळ तांदळाच्या वजनाएवढा किंवा थोडा कमी. गोळा सहा-सात दिवस मुरतो. या उन्हात दोन-तीन दिवस बाहेर ठेवून मग फ्रिजमध्ये टाका, नाहीतर आंबतो. तुपात सोडल्यावर अनारसा हसला, म्हणजे विरघळून पसरला, तर गोळ्यात थोडी कोरडी तांदळाची पिठी मळून घ्यायची. खसखस वरच्या बाजूला, उलटायचा नाही, झाऱ्याने तूप वर उडवत तळायचा. आता माझं मत विचारशील तर वहिनींना यात घालू नकोस. तयार पीठ बाजारात मिळतं, तळायला फार तर तासभर लागतो. तेवढ्यानेही जड होत असेल तर तेहतीस बत्तासे दिलेले धर्माला चालतात.

आता मुख्य गोष्ट. बोलायचं कोणी? तूच बोलायचं. वहिनींच्या तोंडून एक शब्दही जाता कामा नये, "एसी बंद करता का" एवढासुद्धा. सून जावयाला काही म्हणाली की गोष्ट एसीची राहत नाही, सुनेला माहेरी आलेली नणंद जड झाली अशी होते, आणि ती वर्षानुवर्षं बोलली जाते. काकांनीही बोलायचं नाही, सासऱ्याने जावयाला टोकणं आपल्याकडे बसत नाही. उरलास तू. तुझी बहीण आहे, घर तुझं आहे.

आणि आधी ताईशी बोल, भाऊजींशी नंतर. ताईशीही ती इथे आल्यावर नको, ती एकटी असेल अशा वेळी फोनवर, येण्याच्या आठ दिवस आधी. यात एक गोष्ट फार जपायला हवी. इथे भाऊजींचा अपमान झाला तर त्याची भरपाई ताईला तिकडे सासरी करावी लागते. तुला जे दोन आठवडे खुपतं, ते ती रोज सांभाळून राहिली. म्हणून तिच्याजवळ भाऊजींची तक्रार करू नकोस, घराची अडचण सांग. "ताई, या वेळी ऊन फार आहे, बाबांना त्रास होऊन राहिला, हिला ऑफिस आहे, म्हणून घरात काही वेळा ठरवल्या आहेत, तू त्यांच्या कानावर घालशील का?" ती घालेल. नसेल घालू शकत तर तेही सांगेल, मग तू बोल.

भाऊजींशी बोलायची जागा घराबाहेरची. आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला तर्री-पोहे खायला दोघेच जा, किंवा संध्याकाळी ऊन उतरल्यावर फुटाळा तलावावर. घरात बोललास तर ताई, वहिनी, काकू सगळ्या ऐकतात आणि माणूस आपली बाजू राखायला बसतो. तीनच गोष्टी सांग: एसी, जेवणाची वेळ आणि तंबाखू-सुपारीचा खर्रा. चौथी काढलीस तर पहिल्या तिन्ही वाया जातील.

एसीचं हिशोबाने सांग. दीड टनाचा एसी या उन्हात तासाला साधारण एक ते दीड युनिट घेतो. गेल्या वेळसारखा बारा तास चालला तर अकरा दिवसांत एकशे तीस ते दोनशे युनिट. महावितरणचे टप्पे शंभर, तीनशे आणि पाचशेचे आहेत, तीनशेच्या वरचं प्रत्येक युनिट बरंच महाग पडतं, आणि तुझं बिल उन्हाळ्यात आधीच तीनशेला टेकलेलं असतं. कूलरची मोटर आणि पंप मिळून बारा तासांत अडीच युनिटच्या आसपास. तेव्हा दिवसा कूलर, रात्री दहा ते सहा एसी सव्वीसवर, दार बंद करून. हॉलमधला कूलर चालू असताना बेडरूमचं दार उघडं ठेवून एसी लावणं बंदच करा. कूलर हवेत ओल सोडतो आणि एसी तीच ओल काढत बसतो, दोन्ही चालून थंडावा कशाचाच येत नाही.

कूलरबद्दल भाऊजींची तक्रार होती ना, की चिकट होतं, मजा येत नाही? त्याचं कारण ते "गरम हवा येते" म्हणून सगळ्या खिडक्या लावून घेतात. कूलरने आत ढकललेली हवा बाहेर जायला वाट हवी, नाहीतर खोली दमट होते आणि पाणी वाफ व्हायचं थांबतं. समोरच्या भिंतीची खिडकी वीतभर उघडी ठेव. पंखा सुरू करण्याआधी दहा मिनिटं नुसता पंप चालव, म्हणजे मागचं गवत पूर्ण भिजतं. गवत गेल्या वर्षीचं असेल तर ते येण्याआधी बदलून टाक, क्षारांनी कडक झालेल्या गवतातून हवा येत नाही. मोठा कूलर दिवसाला शंभर ते दीडशे लिटर पाणी सहज पितो. पाणी भरायचं काम भाऊजींनाच दे, सकाळी आठला आणि दुपारी चारला. हातात एक काम असलं की माणूस घरातला होतो. फक्त पहिल्या दिवशी स्वतः उभा राहून दाखव: आधी बटण बंद, मग प्लग काढायचा, मगच पाइप लावायचा. ओल्या फरशीवर अनवाणी पायाने चालू कूलरच्या पत्र्याला हात लावून दर उन्हाळ्यात माणसं जातात. अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घे, यात चालढकल करू नकोस.

पाण्याचं मोजून ठेव. माणशी दिवसाला १३५ लिटर धरतात, म्हणजे दोघांचं २७० आणि वर कूलर. हजार लिटरच्या टाकीत सात माणसांचं आणि कूलरचं भागणार नाही, मोटर दिवसातून दोनदा लावावी लागेल. शॉवर नको, बादली. बाथरूम एकच असल्याने सकाळी सव्वानऊपर्यंत ऑफिसवाल्यांचं आणि काकांचं, नंतर पाहुण्यांचं.

जेवणाचं असं कर. पोळ्या अकराच्या आत संपल्या पाहिजेत, आणि बारा ते पाच गॅस पेटवायचा नाही. ओट्याशी उभं राहणाऱ्या बाईच्या जिवाचा प्रश्न आहे हा, हे भाऊजींना स्पष्ट सांग. दीडनंतर येणाऱ्याचं ताट झाकून ठेवलेलं असेल, आपलं आपण घ्यायचं. सुट्टीच्या दिवशी वहिनींनी दुपारी झोपेतून उठून वाढायचं नाही, आणि काकूंनी त्यांना हाक मारायची नाही. हे काकूंकडून तू आधी कबूल करून घे. काकूंकडे मागण्या दोनच: ही, आणि "राहा अजून चार दिवस" असं न म्हणणं. जावयाला काही बोला असं त्यांना सांगू नकोस, ते त्यांच्याने होणार नाही. रोजच्या पोळ्यांपैकी निम्म्या पोळी-भाजी केंद्रातून मागव, दोन आठवड्यांचा खर्च आहे, वहिनींच्या तब्येतीपुढे काही नाही. सावजी रश्श्याची फर्माईश झाली की रविवारी बाहेर घेऊन जा आणि बिल तू दे. घरात तो रस्सा करायचा घाट घालू नका, मसाला भाजायलाच दीड तास जातो. मित्रांना परस्पर जेवायला आणणं हा त्यांचा जुना प्रकार आहे. त्याला उत्तर ठरलेलं ठेव, चहा कधीही, जेवण आदल्या दिवशी सांगून.

खर्रा घरात नाही, हे काकांच्या खोकल्याच्या नावाने सांग, खरंच आहे ते. खाऊन आल्यावर थुंकायचं संडासात, बेसिनमध्ये नाही. सुपारीचे कण बेसिनखालच्या वाटीत बसतात आणि चुन्याने घट्ट होतात. तुंबलंच तर ॲसिड ओतू नकोस, सुपारी त्याने विरत नाही आणि पाइपाचं पॉलिश जातं. खाली बादली ठेव, वाटी हाताने डावीकडे फिरवून काढ, धू, आणि लावताना रबरी वायसर सरळ बसलाय ना ते पाहा. तिरका बसला तर रात्रभर ठिबकतं. गाडीची किल्ली द्यायची असेल तर दे, उसने पैसे देऊ नकोस, दोन्हींवर जास्त काही लिहीत नाही.

ठरलेलं मोडलं गेलं तर त्याच दिवशी, एकट्यात, त्याच शब्दांत सांग. भांडी आपटणं, पोराला उद्देशून बोलणं, घरच्या ग्रुपवर काहीतरी टाकणं, यातलं काहीच करू नका, ज्याला कळायला हवं त्याला ते कळत नाही आणि ताईला मात्र लागतं. आणि रोज रात्री पंधरा मिनिटं गच्चीवर वहिनींसोबत बस. त्या दिवशी काय झालं ते त्यांना तुझ्याजवळ बोलता आलं पाहिजे. तेव्हा "जाऊ दे ना, चारच दिवस" असं म्हणू नकोस. ऐकून घे, आणि जे करायचं ते दुसऱ्या दिवशी तू कर.

तिकीट काढलं की कळव, वेटिंगचा आकडाही सांग. कूलरचं गवत या रविवारी बदलू, मी सकाळी सातला येतो, पकड आणि तार घेऊन. काका-काकूंना नमस्कार.

तुझा,
विनय