लाकडी माडीवरच्या पाण्याच्या टाक्या

महोदय,

सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे साठवणुकीवाचून कुणाचेच चालत नाही. मात्र शुक्रवार पेठ, मंगळवार पेठ, बाळीवेस या भागांतल्या जुन्या वाड्यांत हजार-हजार लिटरच्या प्लास्टिकच्या टाक्या कडीपाटाच्या (लाकडी कड्या म्हणजे तुळया आणि त्यांवर फळ्या अशा) माडीवर किंवा थेट माळवदावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर, चढवलेल्या दिसतात आणि त्या ठेवताना वजनाचा विचार क्वचितच झालेला असतो. रिकामी टाकी दोन माणसे जिन्याने सहज वर नेतात. फसगत होते ती तिथेच.

भरलेल्या टाकीत 1000 किलो पाणी असते आणि तिचा तळ जेमतेम एक चौरस मीटर जागा व्यापतो. राहत्या खोलीच्या तक्तपोशीवर, म्हणजे माडीच्या फळ्यांच्या जमिनीवर, माणसे आणि सामान मिळून चौरस मीटरला सुमारे 200 किलो भार धरावा, असे भारतीय मानक सांगते. म्हणजे हा भार पाचपट झाला. शेजारी न्हाणीघरासाठी साडेचार इंची विटांची भिंत उभारली, तर दहा फूट उंचीला तीही धावत्या मीटरमागे सहाशे किलोंच्या पुढे जाते.

‘आम्ही टाकी भिंतीलगतच ठेवली आहे’ असे उत्तर नेहमी मिळते. पण कोणत्या भिंतीलगत? कड्यांची टोके ज्या भिंतीत बसवलेली असतात, तिच्याजवळ ठेवलेला भार बहुतांशी त्या भिंतीवर उतरतो आणि कडीला फारसा वाक येत नाही. कड्यांना समांतर असलेल्या भिंतीलगत टाकी ठेवली, तर मात्र सगळे वजन एक-दोन कड्यांवर आणि तेही बहुधा त्यांच्या मध्यावर पडते. कड्या कोणत्या दिशेने गेल्या आहेत, हे खालच्या खोलीत उभे राहून वर पाहिले की क्षणात कळते. तेवढेही कुणी पाहत नाही, याचे आश्चर्य वाटते.

दोन वर्षे झाली, काही झाले नाही, हाही पुरावा नव्हे. कायमच्या भाराखाली लाकूड वर्षानुवर्षे हळूहळू वाकत राहते. त्यात टाकी भरून वाहिली की पाणी भिंतीत मुरते, कडीचे भिंतीतले टोक कुजते, त्याला वाळवी लागते आणि बाहेरून सागवान खणखणीत दिसत राहते. अशी टोके भिंतीलगत अणकुचीदार हत्याराने टोचूनच तपासावी लागतात.

उपाय म्हणून खालून टेकू देण्याची पद्धत आहे, पण तो शहाबादी फरशीवर नुसता उभा करणे व्यर्थ आहे. फरशीखाली काळी माती असेल तर ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. टेकूसाठी वेगळा पाया खणून तो मुरमापर्यंत न्यायला हवा. त्यापेक्षा दोन भक्कम भिंतींवर लोखंडी गर्डर टाकून टाकी तक्तपोशीपासून चार बोटे वर ठेवावी, म्हणजे कडीपाटावर काहीच भार येत नाही. भिंत दगडमातीची असेल तर गर्डरच्या टोकांखाली काँक्रीटचा ठोकळा हवा आणि गर्डरचे माप अभियंत्याकडूनच काढून घ्यावे. सर्वांत स्वस्त मार्ग मोठी टाकी अंगणात ठेवून वर दोनशे लिटरची लहान टाकी बसवण्याचा आहे, अर्थात तीही वर सांगितलेल्या योग्य भिंतीलगतच.

महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 265 अ नुसार तीस वर्षांहून जुन्या इमारतीची संरचनात्मक तपासणी करून घेणे मालकाला किंवा भोगवटादाराला बंधनकारक आहे. प्रत्यक्षात वाड्यात मालक भाडेकरूकडे बोट दाखवतो, भाडेकरू मालकाकडे, आणि खर्च कुणीच करत नाही. पावसाळ्यापूर्वी धोकादायक इमारतींना नोटिसा दिल्या जातात, तेव्हा महापालिकेच्या अभियंत्यांनी माडीवरच्या टाक्यांचीही नोंद घ्यावी आणि टाकी हलवण्याची जबाबदारी नेमकी कुणाची, हे त्याच नोटिशीत स्पष्ट लिहावे, अशी विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त बांधकाम पर्यवेक्षक,
सोलापूर