मेडिकलवाल्या काकांना, आईच्या वतीने

काका, सप्रेम नमस्कार.

दुकानात आभार मानायला गेलं की तुम्ही 'पुढे कोण?' म्हणून विषय बदलता. म्हणून हे जाहीर पत्र.

आईची बायपास पुण्यात झाली. हृदयाची नव्हे, वजनाची: जठर लहान करून वजन उतरवण्याची. साखर आटोक्यात आली, ब्लाउज घट्ट करून घ्यावे लागले. गुडघे मात्र ऐकेनात. मग पोटात वरच्या बाजूला जळजळ, दोन घास खाल्ले की मळमळ. घरात सगळ्यांनी 'पित्त' म्हणून निकाल लावला आणि ती तुमच्याकडून पित्ताचं गुलाबी औषध नेऊ लागली.

तुम्ही बाटली काउंटरवर ठेवलीत, पण हात काढला नाहीत. "वहिनी, हे हल्ली वरचेवर नेताय. दुसरं काय चालू आहे?" तिने पर्समधून डायक्लोफेनॅक या गुडघेदुखीच्या गोळीची स्ट्रिप काढली. ऑपरेशनच्या आधीच्या चिठ्ठीवर दुसरीकडून आणलेली. "बायपास झालेल्यांना ही चालत नाही," म्हणालात आणि तिथूनच सर्जनना फोन लावायला लावलात. वर हळूच विचारलंत, "मिश्री लावता का?" हॉस्पिटलच्या फॉर्मवर 'धूम्रपान' या रकान्यात तिने 'नाही' लिहिलं होतं, आणि ते खरंच होतं! मिश्रीचं, म्हणजे दातांना लावायच्या भाजलेल्या तंबाखूचं, कुणी विचारलंच नव्हतं.

दुर्बिणीने पाहिलं तर जठराची नवी छोटी पिशवी जिथे आतड्याला जोडली आहे, नेमका त्या सांध्यावर व्रण. सर्जननी समजावलं: एरवी जठरातून अन्न आतड्याच्या ज्या पहिल्या भागात उतरतं, तिथे स्वादुपिंडाचा रस आम्लाचा जोर मोडतो. बायपासमध्ये तो भाग वगळून पुढचं आतडं थेट पिशवीला जोडतात. त्याला आम्ल सोसत नाही. त्यात अशा वेदनाशामक गोळ्यांनी आतलं संरक्षण कमी होतं, तंबाखूने जखम भरत नाही. आणखी दुर्लक्ष झालं असतं तर रक्तस्राव, नाहीतर थेट छिद्र. व्रण करणाऱ्या एच. पायलोरी जंतूचीही तपासणी झाली. तो निघाला नाही.

आम्ल कमी करणारी कॅप्सूल उघडून घ्या, असं त्यांनी लिहून दिलं. छोट्या पिशवीतून अख्खी कॅप्सूल विरघळायच्या आत पुढे सरकते. अमेरिकेतल्या 2017 च्या एका अभ्यासात उघडून घेणाऱ्यांचे व्रण साधारण 3 महिन्यांत भरले, अख्खी गिळणाऱ्यांना 11 महिने लागले. पण आईला ते जमणार कसं? तुम्ही स्टुलावर बसवून एक कॅप्सूल दोन बोटांत फिरवून उघडलीत, बारीक दाणे चमच्यावर पाडलेत, "चावायचे नाहीत, चुरडायचे नाहीत" असं दोनदा बजावलंत. पाठीमागे रांग लागली होती. हे काम तुमचं नव्हतं, काका.

व्रण भरलाय, परवाच्या दुर्बिणीत दिसलं. गुडघ्यांसाठी आता पॅरासिटामॉल आणि व्यायाम. आईचा निरोप आहे, मिश्रीचं चारचौघांत विचारत जाऊ नका. माझं म्हणणं, विचाराच.

तुमची,
वहिनींची लेक