कंपवाताची वही घरी हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, अमळनेरच्या बाजारात एका अडतीवर चाळीस वर्षं दिवाणजी होते. काम सुटलं तरी घरखर्च लाल चोपडीत लिहायची सवय सुटली नाही. मागच्या महिन्यात त्या चोपड्या माळ्यावरून काढून ओळीने मांडल्या. 2015च्या पानावर ‘ज्वारी 1 क्विंटल’ ठसठशीत. 2017मध्ये तीच ओळ सुरुवातीला मोठी, शेवटाकडे बारीक होत गेलेली. 2018ची अक्षरं मुंगीएवढी. आम्ही हसायचो, आप्पा कागद वाचवतात म्हणून. भरिताची वांगी चुलीवर कोळसा झाली तरी शेजारी बसलेल्या आप्पांना वास आला नाही, तेव्हा आई म्हणाली, सर्दी असेल. कंपवाताचं, म्हणजे पार्किन्सन्सचं, निदान झालं 2020मध्ये, हात थरथरू लागल्यावर. अक्षर लहान होणं आणि वास जाणं ही दोन्ही या आजाराची लक्षणं, हे आम्हाला तेव्हा कळलं.

साखरेसारखं रक्त तपासून हा आजार किती पुढे गेला ते कळत नाही. डॉक्टर बघून, चालवून, बोटं आपटायला लावून ठरवतात. 1967पासून पाच टप्प्यांची पद्धत आहे, शिवाय एकेका हालचालीला 0 ते 4 गुण देणारी सविस्तर यादीही आहे. पद्धत चांगलीच आहे. अडचण अशी की ती तीन महिन्यांतून एकदा, दहा मिनिटं वापरली जाते. पहाटे निघून धुळ्यावरून नाशिक गाठायचं, दाराशी गोळी द्यायची, नंबर येईपर्यंत तिचा असर सुरू झालेला, आणि आत शिरताना आप्पा नवरदेवासारखे ताठ! "छान आहे की," असं ऐकून आम्ही परत. घरी संध्याकाळी दाराच्या उंबऱ्यावर त्यांचे पाय चिकटतात, ते कुठल्या कागदावर येत नाही. आप्पांच्याच शब्दांत, "पाय मनं आयकत नही, पोऱ्या."

म्हणून मी वही घातली. गोळी किती वाजता, लागली किती वाजता (म्हणजे हालचाल मोकळी कधी झाली), उतरली कधी (तिचा असर कधी संपला), उंबऱ्यावर किती वेळा अडले, पडले का. दर रविवारी आप्पांच्या हाताने ‘ज्वारी 1 क्विंटल’ ही एकच ओळ. दोन महिन्यांत एक गोष्ट उघडी पडली. ज्या दुपारी कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी आणि उडदाची डाळ असते, त्या दुपारी गोळी तासभर उशिरा लागते, कधी लागतच नाही. याआधी एका दवाखान्यात गोळी दुपटीने वाढवायला सांगितलं होतं. वही पाहून नाशिकच्या डॉक्टरांनी मात्रा तीच ठेवली, गोळी जेवणाआधी घ्यायला लावली आणि डाळ रात्रीवर टाकली. डाळीतली प्रथिनं या औषधाची वाट अडवतात, असं ते म्हणाले. उडीद सोडायला लागला नाही, हा आप्पांच्या दृष्टीने खरा निकाल.

आता मागणी. बाळाच्या लसींचं कार्ड प्रत्येक घरात असतं. तिशीवरच्यांच्या बीपी-शुगरचा फॉर्म आशाताई घरी येऊन भरतात. 2016च्या दिव्यांग कायद्यात कंपवाताचं नाव आहे. मग जळगाव, धुळे, नंदुरबारच्या सरकारी दवाखान्यांतून कंपवाताच्या रुग्णाला वीस पानांची एक छापील वही का मिळू नये? वेळेचे रकाने, पडण्याची नोंद आणि अक्षरासाठी एक रिकामी ओळ, एवढं पुरे. एका वहीच्या छपाईचा खर्च एका एमआरआयच्याही आसपास जाणार नाही. लिहिणारा घरचाच, सून किंवा नातू. मोबाइलवरचं ॲप नको, आमच्याकडे संध्याकाळी लाइट जाते तेव्हाच गोळी उतरते.

नमुना म्हणून माझ्या वहीची चार पानं या पत्रासोबत जोडली आहेत. शेवटच्या पानावरची ज्वारीची ओळ भिंगाने वाचावी लागेल.

आपला,
एक वाचक, अमळनेर (जि. जळगाव)