सर, तुम्ही जे काढून टाकलंत त्याबद्दल आभार

आदरणीय सर,

सप्रेम नमस्कार.

बास्केटबॉलचा संघ डबघाईला आला की 'एखादा अनुभवी कोच आणू या' असं सगळेच म्हणतात. आल्यावर त्या कोचने नेमकं काय करायचं असतं, हे मात्र कुणी लिहून ठेवत नाही. तुम्ही काय केलंत ते जसंच्या तसं नोंदवून तुमचे आभार मानावेत, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितो आहोत.

होकार देण्याआधी तुम्ही मागच्या हंगामाच्या सगळ्या स्कोअरशीट मागवल्यात. मग अटी लिहून दिल्यात: किमान तीन हंगामांचा करार, संघनिवडीत शेवटचा शब्द कोचचा, आठवड्यातून पाच दिवस ठरल्या वेळी कोर्ट, एक साहाय्यक आणि सामन्याच्या दिवशी फिजिओ. मानधनाचा विषय सगळ्यात शेवटी काढलात. तीन हंगामांची अट समितीला जड गेली होती, पण तीच सगळ्यात शहाणपणाची होती. दर वर्षी कोच बदलला की कोर्टवर एकमेकांना इशारा द्यायचे ठरलेले शब्दही बदलतात आणि बचाव करताना कोण काय म्हणतोय याचा अर्थ लावण्यात अर्धा सेकंद गेला की समोरच्याचा लेअप (रिंगेजवळून टाकलेला शॉट) झालेला असतो. अमेरिकेतले कोच जॉन वुडन यूसीएलए या विद्यापीठाच्या संघाकडे १९४८ साली आले, त्यांचं पहिलं राष्ट्रीय विजेतेपद १९६४ चं. १९७५ पर्यंत अशी एकूण दहा झाली. पहिल्या दोन-तीन वर्षांत निकाल मागून त्यांना निरोप दिला असता तर यातलं काहीच झालं नसतं.

'आपलं शूटिंग कच्चं आहे' ही समजूत तुम्ही कागद-पेन्सिल घेऊन खोडून काढलीत. घेतलेले शॉट, वजा आक्रमणातले रिबाउंड (आपला शॉट हुकल्यावर परत मिळवलेले बॉल), अधिक टर्नओव्हर (शॉट न घेताच गमावलेले बॉल), अधिक फ्री थ्रोंची (फाउलबद्दल मिळणाऱ्या मोकळ्या शॉटची) ०.४४ पट. एवढ्यावरून बॉल किती वेळा आपल्या ताब्यात आला ते साधारण कळतं. प्रत्येक फ्री थ्रोने ताबा संपत नाही, म्हणून ती ०.४४ पट. या आकड्याने गुणांना भागलं की दर ताब्याला किती गुण मिळाले ते निघतं. मग दुखणं समोर आलं. शॉट बरे पडत होते, पण शॉटपर्यंत बॉल पोचतच नव्हता. टर्नओव्हर दुहेरी मारतो: आपला एक शॉट जातो आणि बहुतेक वेळा समोरच्याला मोकळं रान मिळतं.

पहिल्या महिन्यात तुम्ही नवं काही शिकवलं नाही. जे होतं तेच कमी करत गेलात. वहीतल्या चालींपैकी फक्त चार ठेवल्यात: दोन हाफकोर्टच्या (समोरच्या अर्ध्या कोर्टात खेळायच्या), एक साइडलाइनवरून बॉल आत घ्यायची, एक बेसलाइनवरून. शॉट घ्यायची मुदत मोजणारं शॉट क्लॉक २४ सेकंदांचं, बॉल पुढे आणायला त्यातले आठपर्यंत जाऊ शकतात आणि आक्रमणात रिबाउंड मिळाला तर घड्याळ १४ वर येतं; चाल आठवत बसायला वेळ नसतो. एक जण जरी चाल विसरून चुकीच्या कोपऱ्यात उभा राहिला, तरी त्याला धरणारा आत मदतीला मोकळा होतो आणि बाकी चौघांची मेहनत पाण्यात जाते.

लेअपच्या लांबलचक रांगा गेल्या. दोन्ही रिंगा वापरून तीन-तीन जणांचे गट आले, प्रत्येक गटाला स्वतःचा बॉल. रांगेत उभ्या मुलाचा सराव होत नसतो, तो फक्त वाट बघत असतो. शिक्षा म्हणून पळवणंही बंद झालं. त्या जागी दमलेल्या अवस्थेतले फ्री थ्रो आले, तेही एका वेळी दोनच. सामन्यात ४.६० मीटरवरून सलग वीस फ्री थ्रो कुणालाच मिळत नाहीत. धापा टाकत दोन मिळतात आणि हातात बॉल आल्यापासून पाच सेकंद असतात. म्हणून दोन मारायचे, बाजूला व्हायचं, पळून यायचं, पुन्हा दोन.

सर, शेल ड्रिल या बचावाच्या सरावाबद्दल तर स्वतंत्र पत्र लिहायला हवं. चार आक्रमक, चार बचावाचे आणि पहिले दोन आठवडे शॉट घ्यायला बंदी. बॉल नुसता फिरवायचा. बॉल एक पास दूर असेल तर पासच्या वाटेत हात, दोन पास दूर असेल तर एक पाय पेंटमध्ये (रिंगेखालच्या रंगवलेल्या चौकटीत), नजर आपला माणूस आणि बॉल या दोघांवर. आणि हलायचं ते बॉल हवेत असताना. पास हातात पडल्यावर निघालेला खेळाडू एक पाऊल उशिराच पोचतो आणि तेच पाऊल भरून काढायला हात मारतो, म्हणजे फाउल. क्वार्टरमध्ये संघाचे चार फाउल झाले की पुढच्या प्रत्येक बचावातल्या फाउलला दोन फ्री थ्रो द्यावे लागतात. आमच्या फाउलचं मूळ हातात नसून पायात आहे, हे तुम्ही असं दाखवून दिलंत.

क्लोजआउटही (बॉल मिळालेल्याकडे धावत जाऊन त्याला अडवणं) तसाच. दोन तृतीयांश अंतर जोरात, उरलेलं छोट्या पावलांनी, नितंब खाली, वजन मागे, एक हात वर. शेवटपर्यंत वेगात गेलं की शॉटची नुसती हूल पुरते, समोरचा बाजूने निघून जातो. पाय जुळवून थांबलं तरी तेच होतं.

९० मिनिटांचा तुमचा कागद आजही भिंतीवर आहे: १२ वॉर्मअप, १५ बॉल हाताळणी, २० शेल, २० तीन विरुद्ध तीन, १५ पाच विरुद्ध पाच, ८ फ्री थ्रो. परीक्षेच्या दिवसांत सराव रद्द न करता ४५ मिनिटांवर आणलात, त्यातही शेल राहिलं. वॉर्मअपमध्ये उडी मारून दोन्ही पायांवर उतरताना गुडघे आत वळतात का, हे तुम्ही खाली बसून एकेकाचं बघत होतात. मोज्याची एक चुणी राहिली तरी बूट काढायला लावत होतात, कारण टाचेवर फोड आला की खेळाडू पाय तिरका टाकतो आणि मग घोटा जातो.

एका गोष्टीबद्दल मनापासून आभार. सीनियर खेळाडूला बेंचवर बसवायचं ठरलं की ते त्याला यादी लागण्याआधी, एकट्याला बोलावून, कारणासकट सांगितलंत. त्यातला एकही संघ सोडून गेला नाही. बेंचवरून नव्या मुलांना शब्द शिकवणारे तेच होते.

तिसऱ्या हंगामात तुम्ही निम्मे सराव साहाय्यकाकडे सोपवून बाजूच्या बाकावर वही घेऊन बसलात. आता सगळे सराव साहाय्यकच घेणार आहेत. या हंगामाच्या स्कोअरशीटच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. टर्नओव्हर लाल पेन्सिलीने वेगळे केले आहेत, तुम्हाला हवे असतात तसे.

आपले,
संघातील सर्व खेळाडू, साहाय्यक प्रशिक्षक आणि क्रीडा समिती