टनामागे पाणी किती?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हंगाम संपला की गाळप आणि साखर उतारा यांचे आकडे कारखाने अभिमानाने जाहीर करतात. मात्र टनभर ऊस गाळताना किती पाणी उपसले आणि किती सांडपाणी सोडले, हे आम्हा सभासदांना वार्षिक अहवालात सापडत नाही. वास्तविक उसाच्या वजनात सुमारे ७० टक्के पाणीच असते आणि ते वाफेतून परत मिळवून वापरल्यास नदीवरचा भार बराच हलका होतो. केंद्राच्या २०१६ च्या अधिसूचनेने प्रक्रिया केलेल्या सांडपाण्याला टनामागे १०० लिटरची मर्यादा घातली, हे योग्यच झाले, कारण सांडपाण्यात केवळ लिटरमागे किती मिलिग्रॅम प्रदूषक घटक आहेत एवढेच पाहिले तर चांगले पाणी मिसळूनही नमुना नियमात बसवता येतो. अर्थात गाळप दुप्पट झाले तर हीच मर्यादा पाळूनही ओढ्यात दुप्पट सांडपाणी येणार, म्हणून एकूण आकडाही हवाच. आमच्या शिवारातील ओढ्यावर ऐन हंगामात काळपट फेस येतो, उग्र वास सुटतो आणि तहानलेली जनावरेही पाण्याला तोंड लावत नाहीत. प्रदूषण नियंत्रण मंडळाने सांडपाण्याच्या मीटरची रोजची नोंद कारखान्याच्या फाटकावर, उताऱ्याच्या आकड्याशेजारीच, लावणे बंधनकारक करावे.

आपला,
एक ऊस उत्पादक सभासद, जि. कोल्हापूर