सण नसलेल्या महिन्यात बैठक घ्या : गृहमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. गृहमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय : सणापुरत्या शांतता समितीऐवजी बारमाही मोहल्ला समिती सुरू करण्याबाबत

महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी निवृत्त प्राथमिक शिक्षिका. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी राहते. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात मोबाइलवरच्या स्टेटसवरून दगडफेक झाली, मार्च २०२५ मध्ये नागपूर औरंगजेबाच्या कबरीच्या वादावरून पेटलं. दोन्ही वेळा आमच्या गावात काहीही घडलेलं नसताना बाजारपेठेची शटरं दुपारीच खाली आली. हातावर पोट असलेल्यांचा त्या दिवसाचा धंदा बुडाला. माणसं या सगळ्याला विटली आहेत. ती भांडखोर झालीत असं मला वाटत नाही. त्यांची एकमेकांशी ओळख कमी झाली आहे आणि धास्ती वाढली आहे. ओळख वाढवणं सरकारच्या हातात आहे, आणि याच राज्याने ते एकदा करून दाखवलं आहे. म्हणून हे पत्र.

भिवंडीचंच बघा. मे १९७० मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी तिथे दंगल झाली, तिची झळ जळगाव आणि महाडपर्यंत गेली, चौकशीसाठी न्यायमूर्ती मादन आयोग बसला. मे १९८४ मध्ये पुन्हा तेच. भिवंडी म्हटलं की पोटात गोळा यायचा. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस सुरेश खोपडे तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आले आणि त्यांनी मोहल्ल्या-मोहल्ल्यांत समित्या उभ्या केल्या. पुढाऱ्यांना बाजूला ठेवून त्याच गल्लीत राहणारी दोन्ही समाजांची साधी माणसं घेतली. त्या भागाचा शिपाई त्यांच्यात बसू लागला. बोलणं रोजच्या तंट्यांबद्दल व्हायचं. त्यातून शिपायाला घरं कळली आणि घरांना शिपाई कळला. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळाली, श्रीकृष्ण आयोगाच्या नोंदीप्रमाणे ९०० माणसं गेली. हाकेच्या अंतरावरची, दोनदा होरपळलेली भिवंडी तेव्हा शांत राहिली. पुढे मुंबईतही माजी पोलीस आयुक्त ज्युलिओ रिबेरो, तेव्हाचे पोलीस आयुक्त सतीश साहनी आणि सामाजिक कार्यकर्त्या सुशोभा बर्वे यांच्या पुढाकाराने मोहल्ला समित्या उभ्या राहिल्या, वस्तीतली पोरं आणि पोलीस एकत्र क्रिकेट खेळले. ज्यांच्या घरातली माणसं नुकतीच गेली होती अशा वस्त्यांमध्ये हे घडलं, हे मला फार मोठं वाटतं.

आता शांतता समितीची बैठक कशी होते ते सांगते. मी अशा बैठकींना बसले आहे. सण चार दिवसांवर आला की पोलीस ठाण्यातून निरोप येतो. पुढच्या रांगेत नेहमीचीच मंडळी, दोन्हीकडची. आधी सत्कार, मग डीजेचा आवाज, मिरवणुकीचा मार्ग आणि वेळ याबद्दलच्या सूचना. कुणीतरी ‘आपलं गाव पूर्वीपासून गुण्यागोविंदानं नांदतं’ म्हणतं. चहा, बॅनरसमोर फोटो, संपलं. बायका दोन-तीन, त्याही माजी नगरसेविका. ज्यांच्या मोबाइलवर रात्री अकरानंतर व्हिडिओ फिरतात, ती वीस-बावीस वर्षांची मुलं त्या खोलीत नसतात. ठाण्याच्या साहेबांचा यात दोष नाही. वर्षाचे बारा महिने बंदोबस्त, त्यात बदली. गाव ओळखीचं होईतो त्यांची निघायची वेळ येते.

मध्यंतरी एका संध्याकाळी आमच्याकडे एक व्हिडिओ आला. दुकान फोडताहेत, खाली मजकूर : ‘आपल्या स्टँडमागे, आत्ता.’ अर्ध्या तासात चौकात पोरं जमली. माझा एक जुना विद्यार्थी गणेश मंडळाचं काम करतो. त्याने तो व्हिडिओ थांबवून मोठा करून पाहिला. शटरवरची पाटी बंगाली अक्षरात होती. त्याने पहिला फोन लावला तो मशिदीच्या ट्रस्टचे हिशेब बघणाऱ्या त्याच्या वर्गमित्राला. दोघं मोटरसायकलवर स्टँडमागे गेले, बंद-चालू दुकानांसमोर उभं राहून स्वतःचा व्हिडिओ काढला आणि दोन्हीकडच्या ग्रुपवर टाकला. पोरं घरी गेली. दोघं चौथीपर्यंत एका बाकावर होते, म्हणून तो नंबर मोबाइलमध्ये होता. आता त्यांची मुलं वेगवेगळ्या शाळांत जातात. वीस वर्षांनी असा नंबर कुणाकडे असेल, ही माझी खरी काळजी आहे.

सांगली जिल्ह्यात २००९ च्या गणेशोत्सवात मिरज पेटलं. त्याच जिल्ह्यातल्या गोटखिंडीत १९८० पासून गणपती मशिदीत बसतो, आणि बकरी ईद त्याच दिवसांत आली तेव्हा तिथल्या मुसलमानांनी कुर्बानी दिली नाही. २०२३ मध्ये अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद २८ सप्टेंबरला एकत्र आले. मुस्लिम समाजाने जुलूस दुसऱ्या दिवशी काढायचं ठरवलं, सरकारने सुट्टी २९ तारखेला दिली. ज्यांनी हे ठरवलं त्यांना कुणी जबरदस्ती केली नव्हती. शेजाऱ्याची अडचण त्यांना दिसली, एवढंच. अशी समज आमच्या माणसांत आजही आहे. तिला बसायला जागा द्या.

आपल्याच खात्याने १५ ऑगस्ट २००७ रोजी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली, आर. आर. पाटील तेव्हा गृहमंत्री होते. आमच्या भागात समितीचा अध्यक्ष अजून आहे, बैठक मात्र होत नाही. सांगाडा तयार आहे, त्यात जीव घालायचा आहे. शहरांत आणि तालुक्याच्या गावांत बीटनिहाय, म्हणजे एकेका पोलीस अंमलदाराकडे असलेल्या भागानुसार, समित्या नेमा. निम्म्या बायका घ्या, कारण अफवा आधी स्वयंपाकघरात पोचते आणि पोराला बाहेर जाऊ द्यायचं की नाही हेही तिथेच ठरतं. पक्षाचे पदाधिकारी नकोत. मंडळांची आणि मशिदींची तरुण मुलं हवीत. बीट अंमलदाराला महिन्यातली एक संध्याकाळ या कामासाठी मोकळी द्या आणि त्याच्या गोपनीय अहवालात या कामाची नोंद होऊ द्या. झालेल्या गुन्ह्याचा तपास कागदावर येतो, टळलेली दंगल कुठेच येत नाही, आणि तो बिचारा मात्र दगड झेलायला पुढे असतो. त्याचीही लेकरं घरी वाट बघत असतात.

पहिली बैठक सण नसलेल्या महिन्यात ठेवा. विषय पाण्याचा असो, रस्त्यावरच्या खड्ड्यांचा असो, मुलींच्या एसटीच्या वेळेचा असो. आमच्या गावापासून सुरुवात करायची असेल तर शाळेचा हॉल मिळवून देण्याची आणि दोन्ही वस्त्यांतल्या बायकांना घरोघरी जाऊन बोलावण्याची जबाबदारी मी घेते. उत्तराची वाट पाहते.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका