टोंगाचा एकमेव पदकवीर

ऑलिंपिक जवळ आले की छोट्या देशांच्या पदकांवर लेख येतात. टोंगाच्या पेआ वोल्फग्रामचे नाव मात्र कुणी घेत नाही. जेमतेम लाखभर वस्तीच्या देशाचा हा अगडबंब मुष्टियोद्धा. १९९६ साली अटलांटात त्याने क्यूबाच्या रुबालकाबाला घरी पाठवले, उपांत्य फेरीत नायजेरियाच्या डोकिवारीला ७-६ असे निसटते हरवले. मनगट मोडलेले असतानाही अंतिम फेरीत उतरला आणि व्लादिमिर क्लिच्कोकडून ३-७ हरला. टोंगाला ऑलिंपिक पदक मिळाले ते तेवढेच! (त्याच स्पर्धेत एवढ्या मोठ्या भारताच्या पदरी पेसचे एकच कांस्य होते.) पुढे व्यावसायिक झाल्यावर २००० मध्ये हँबर्गला पुन्हा क्लिच्कोच समोर आला. या वेळी पहिल्याच फेरीत वोल्फग्रामचा खेळ आटोपला.

– एक वाचक, सांगली